कर्ज तिच्या नावावर, शेत त्याच्या: परभणीतल्या महिलांनी कोणत्या वयात पैशांचं काय नियोजन करावं?

परभणी जिल्ह्यातल्या बहुतेक घरांत पैसा महिन्याच्या एक तारखेला येत नाही. सोयाबीनचे पैसे दिवाळीच्या आसपास येतात, कापसाचे त्यानंतर टप्प्याटप्प्यानं. जून उजाडला की हाताशी असलेलं सगळं बियाण्यात आणि खतात जातं. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबात नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, पण मुकादमाकडून मिळणारी उचल बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात पडते.

त्यामुळे 'पगारातले अमुक टक्के बाजूला टाका' हा नेहमीचा सल्ला इथे फारसा लागू पडत नाही. त्याआधी वेगळा प्रश्न विचारावा लागतो: घरातल्या बाईच्या नावावर नेमकं काय आहे?

उत्तर अनेकदा उलटं असतं. सातबारा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असतो आणि मायक्रोफायनान्सचं कर्ज मात्र बाईच्या नावावर. म्हणून वय कोणतंही असो, बचतीइतकंच महत्त्व कागदावरच्या नावाला आहे.

मुलगी १० वर्षांच्या आत असेल तर

१ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या आणि पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असलेल्या घरातल्या मुलीसाठी राज्य सरकारची लेक लाडकी योजना आहे. जन्मावेळी ५ हजार, पहिलीत ६ हजार, सहावीत ७ हजार, अकरावीत ८ हजार आणि १८ वर्षं पूर्ण झाल्यावर ७५ हजार, असे एकूण १ लाख १ हजार रुपये मिळतात. जन्मनोंद झाल्यावर अंगणवाडी सेविकेकडे अर्ज करता येतो.

याशिवाय पोस्टात सुकन्या समृद्धी खातं उघडता येतं. वर्षाला किमान २५० रुपये भरावे लागतात. पैसे १५ वर्षं भरायचे आणि खातं २१ वर्षांनी पूर्ण होतं. जानेवारी २०२४ मध्ये या खात्याचा व्याजदर ८.२ टक्के झाला. हाच दर कायम राहिला, तर महिन्याला ५०० रुपये भरून शेवटी सुमारे पावणेतीन लाख रुपये होतात. भरलेली रक्कम असते ९० हजार.

१८ ते ४० : कमी पैशात जास्त मिळण्याचं वय

लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १,५०० रुपये २१ ते ६५ वयोगटातल्या पात्र महिलांच्या स्वतःच्या खात्यात जमा होतात. त्यातून आधी दोन विमे काढता येतात.

जीवन ज्योती विम्याचा हप्ता वर्षाला ४३६ रुपये आहे. तो १८ ते ५० वयात घेता येतो. सुरक्षा विमा म्हणजे अपघात विमा. त्याचा हप्ता वर्षाला २० रुपये आणि वयोमर्यादा १८ ते ७०. दोन्हींत मृत्यूनंतर कुटुंबाला २ लाख रुपये मिळतात. दोन्ही मिळून वर्षाचा खर्च ४५६ रुपये, म्हणजे लाडकी बहिणीच्या एका हप्त्याच्या तिसऱ्या भागापेक्षाही कमी.

इथेच एक अडचण येते. या विम्यांचं वर्ष १ जून ते ३१ मे असतं आणि पुढच्या वर्षाचा हप्ता मे महिन्यात खात्यातून आपोआप कापला जातो. नेमक्या त्याच वेळी पेरणीच्या तयारीसाठी खाती रिकामी झालेली असतात. खात्यात पैसे नसले, तर विमा बंद पडतो आणि घरात कुणाला कळतही नाही. मे महिनाभर खात्यात ५०० रुपये राहू द्यायचे, एवढं केलं तरी हे टळतं.

दुसरी गोष्ट अटल पेन्शन. यात १८ ते ४० याच वयात सहभागी होता येतं. ६० नंतर महिन्याला ५ हजार रुपये पेन्शन हवी असेल, तर २५ व्या वर्षी सुरुवात करणारीला महिन्याला ३७६ रुपये भरावे लागतात. ३९ व्या वर्षी सुरुवात केली, तर १,३१८ रुपये. चाळिशी उलटली की हा दरवाजा बंद होतो. महागाईमुळे तेव्हाच्या ५ हजारांची किंमत आजच्यापेक्षा कमी असेल, हेही लक्षात ठेवायला हवं. पण लाडकी बहीण योजना ६५ व्या वर्षी थांबते. त्यापुढच्या काळासाठी स्वतःची काहीतरी सोय हवीच.

'ग्रुपचं लोन' घेण्याआधी काय पाहावं?

बचत गटात सभासदांनी दर महिन्याला टाकलेले पैसे त्यांच्यातच कर्जाऊ फिरतात आणि व्याज गटाकडेच राहतं. मायक्रोफायनान्स कंपनीचं 'ग्रुपचं लोन' वेगळं. त्याचं व्याज कंपनीला जातं आणि एकीचा हप्ता थकला की दबाव सगळ्याजणींवर येतो.

पैसे नवऱ्याच्या फवारणीसाठी किंवा दिराच्या लग्नासाठी वापरले, तरी कर्जदार म्हणून नोंद बाईचीच होते. हप्ते थकले, तर पुढे शिलाई मशीन किंवा म्हशीसाठी बँकेचं कर्ज मागताना तिचीच अडचण होते. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपेक्षा जास्त होता कामा नयेत. हे कर्ज मुदतीआधी फेडलं, तर दंडही लावता येत नाही.

जमिनीत नाव कसं लागतं?

नवरा हयात असताना त्याच्या संमतीनं सातबाऱ्यावर पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येतं. या लक्ष्मी मुक्तीची सुरुवात शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेनं केली आणि पुढे १९९२ मध्ये राज्य सरकारनं ती स्वीकारली.

हिंदू वारसा कायद्यात २००५ साली झालेल्या दुरुस्तीनं मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क दिला. २००५ मध्ये वडील हयात नसले तरी हा हक्क राहतो, असं सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केलं. मुस्लिम कुटुंबांसाठी वारशाचे नियम वेगळे आहेत. भावाच्या आग्रहाखातर हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या बहिणींनी एवढं लक्षात घ्यावं, की नोंदणी झालेली ही सही सहजासहजी मागे घेता येत नाही.

नवरा गेल्यावर पहिल्या तीन महिन्यांत काय करावं?

मृत्यूचा दाखला मिळाला की तीन कामं लागोपाठ करायला हवीत. एक, बँकेत जाऊन पासबुकवर ४३६ किंवा २० रुपयांची कपात दिसते का ते पाहणं. दिसत असेल, तर विम्याचा दावा करता येतो. दोन, तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज. तीन, वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असेल, तर तहसीलमध्ये संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज.

बँक खात्याचा नॉमिनी आणि वारस यांतला फरकही समजून घ्यायला हवा. नॉमिनीला बँक पैसे देते, पण त्यावर हक्क सगळ्या वारसांचा असतो. दीर नॉमिनी असला म्हणून तो मालक होत नाही.

साठीनंतर : सही जपून

म्हातारपणीची पुंजी ठेवताना बँक आणि पतसंस्था यांत फरक करावा. बँक बुडाली, तर ५ लाखांपर्यंतच्या ठेवींना विम्याचं संरक्षण असतं. ते सहकारी बँकेलाही आहे, पतसंस्थेला किंवा मल्टिस्टेट सोसायटीला नाही. मराठवाड्यात गेल्या काही वर्षांत अशा सोसायट्या बुडाल्या आणि ठेवीदार रस्त्यावर आले.

घर किंवा शेत मुलाला द्यायचं असेल, तर बक्षीसपत्रापेक्षा मृत्युपत्र सुरक्षित. बक्षीसपत्रानं मालकी लगेच जाते. मृत्युपत्र हयातीत कधीही बदलता येतं. मुलं सांभाळत नसतील, तर २००७ च्या कायद्यानुसार उपविभागीय अधिकाऱ्यांकडे निर्वाह खर्च मागता येतो.

सुरुवात कोणत्याही वयात करता येते. त्यासाठी आधी घरातले तीन कागद काढून वाचायचे: पासबुक, सातबारा आणि कर्जाचं कार्ड. तिसऱ्यावर नाव असेल आणि पहिल्या दोन्हींवर नसेल, तर पहिलं काम तिथूनच सुरू होतं.