छत्तीस फोटो आणि आपला खांदा

रोलवरचे फोटो बघून तुम्हालाही फिल्म कॅमेऱ्याची हुक्की आलीय? येऊ द्या. पण ‘कुठला घेऊ?’ विचारण्याआधी एक ठरवा: तो घेऊन फिरणार कुठं?

आपल्या गड्ड्याचंच बघा. जानेवारीतली सिद्धेश्वर यात्रा, सात उंच नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतले भक्त आणि पाय ठेवायला जागा नाही अशी गर्दी. तिथं कॅमेऱ्याची खरी परीक्षा होते.

पहिलं वजन. 1976 मध्ये आलेला पेंटॅक्स के1000 शिकायला झकास. पण लेन्ससकट तो पाऊण किलोच्या पुढं जातो. घ्यायच्या आधी पाण्याने भरलेली पाऊण लिटरची बाटली गळ्यात अडकवून दोन तास फिरा. मान कुरकुरली, तर लहान कॅमेरा बघा. 1979 चा ऑलिंपस एक्सए फक्त सव्वादोनशे ग्रॅमचा, खिशात मावतो. मात्र त्याचं शटर बॅटरीवर चालतं. सेल संपला की खेळ खल्लास. के1000 ला सेल लागतो तो फक्त लाइट मीटरला.

दुसरं, फीचर्स. ढीगभर नकोत, पण एक हवंच: शटर स्पीड आणि अ‍ॅपर्चर स्वतः ठरवता येणं. का? संमती कट्ट्यावरच्या अक्षता सोहळ्यात सगळीकडं पांढरंच पांढरं. मीटर त्या पांढऱ्यालाही करडं समजून प्रकाश कमी घेतं. मग बाराबंदी मळकी दिसते आणि चेहरे काळे पडतात. अशा वेळी मीटरपेक्षा एक-दीड स्टॉप जास्त द्यायचा. किंवा जुना हिशोब वापरायचा: लख्ख उन्हात 200 आयएसओचा रोल असेल तर एफ/16 आणि 1/250. ऊन कपड्याचा रंग बघत नाही! शोभेच्या दारूचे फोटो हवे असतील तर ‘बी’ मोड आणि ट्रायपॉडही लागेल.

बाजारात जायच्या आधी घरातलं कपाट उघडा. काकांचा याशिका एमएफ-2 निघाला तर उत्तमच. त्यात फोकसची भानगड नाही, फ्लॅश अंगातच. हातात फार काही ठेवत नाही, पण हात बसवायला एवढा पुरे.

जुना विकत घेताना मागचं झाकण उघडून प्रत्येक स्पीडवर शटर दाबून बघा. लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी, सेलच्या खणात हिरवट गंज, दाराच्या कडेचा चिकट झालेला स्पंज दिसला, तर दुरुस्तीचा खर्च धरूनच भाव करा. आणि आपल्या उन्हाळ्यात रोल गाडीच्या डिकीत विसरू नका, रंग बिघडतात.

शेवटी, एका रोलमध्ये फोटो छत्तीसच. भारी कॅमेरा जड म्हणून घरी राहिला तर त्यातला एकही तुमचा नाही. मिरवणूक परतेपर्यंत जो खांद्यावर राहील, तोच घ्या.