मलूल पान आणि न्यायशास्त्र

आपल्या शिंदखेड्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. घरातल्या कुंडीत पान मलूल दिसलं, की आपण लगेच तांब्याभर पाणी ओततो. पण मुळांना हवाही लागते. माती सतत चिंब राहिली, की हवेची जागा पाणी घेतं, मुळं गुदमरून कुजतात, पाणी वर चढत नाही आणि पान पुन्हा मलूल! आपण आणखी ओततो.

गौतमांच्या न्यायसूत्रांत पाच हेत्वाभास सांगितलेत. त्यातला पहिला सव्यभिचार. खूण तहानेचीही तीच आणि कुजण्याचीही तीच, म्हणून तिच्यावरून अनुमान ठरत नाही. मग प्रत्यक्षाकडे वळायचं. बोट दोन पेरं मातीत घालायचं. कोरडं लागलं, तरच पाणी. झाडही वाचेल आणि आपल्या टंचाईच्या तालुक्यात पाणीही.