जे विरघळत नाही त्याची रचना

प्रथिनांची रचना जाणून घेण्याचे दोन मार्ग दीर्घकाळ रूढ होते. एकात प्रथिनाचे स्फटिक करून त्यांतून क्ष-किरण सोडले जात, तर दुसऱ्यात प्रथिन पाण्यात विरघळवून त्याचा अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाचा, अर्थात एनएमआरचा, वर्णपट नोंदवला जाई. परंतु हाड, वनस्पतींची पेशीभित्तिका किंवा अल्झायमरच्या रुग्णाच्या मेंदूत साचणारे तंतू यांचे ना धड स्फटिक होतात, ना ते पाण्यात विरघळतात. सजीवांचा भार ज्यांवर तोललेला असतो अशी कितीतरी द्रव्ये याच वर्गात मोडतात आणि त्यांच्यासाठी घन-अवस्था एनएमआर ही पद्धत घडत गेली.

हायड्रोजन, कार्बन-१३, फॉस्फरस-३१ यांसारखी अणुकेंद्रे सूक्ष्म चुंबकांप्रमाणे वागतात आणि प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठराविक वारंवारतेच्या रेडिओलहरी शोषतात. ही वारंवारता भोवतालच्या इलेक्ट्रॉनांमुळे किंचित सरकते आणि त्या सरकण्यावरून अणूचा शेजार ओळखता येतो. द्रवात रेणू सतत लोळत असल्यामुळे दिशेवर अवलंबून असणारे परिणाम आपोआप पुसले जातात, पण घनात रेणू जागचे हलत नसल्याने वर्णरेषा रुंद होऊन एकमेकींत मिसळतात. नमुना चुंबकीय क्षेत्राशी ५४.७ अंशांचा कोन करणाऱ्या अक्षाभोवती वेगाने फिरवला, तर गणिताने हे परिणाम सरासरीत शून्यावर येतात. वेल्समध्ये रेमंड अँड्र्यू यांनी १९५८ मध्ये आणि अमेरिकेत लोव यांनी १९५९ मध्ये हे दाखवले व त्या कोनाला ‘जादुई कोन’ हे नाव पडले. आज तांदळाच्या दाण्याहून बारीक नळ्या सेकंदाला १,००,००० हून अधिक गिरक्या घेतात. कार्बन-१३ निसर्गात जेमतेम १.१ टक्के असल्याने त्याचा संकेत क्षीण असतो. मुबलक हायड्रोजनचे ध्रुवीकरण त्याला देण्याची युक्ती पाइन्स, गिबी व वॉ यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी काढली, आणि शेफर व स्टेस्कल यांनी १९७६ मध्ये तिची जादुई कोनाशी सांगड घातली.

या पद्धतीचे सामर्थ्य हाडाच्या अभ्यासात विशेष स्पष्ट दिसते. हाड म्हणजे कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंत गुंफलेले ॲपेटाइट या कॅल्शियम फॉस्फेटचे अतिसूक्ष्म स्फटिक होत. हाडात सायट्रेट असते हे १९४० च्या दशकापासून ठाऊक होते, पण ते तेथे काय करते याकडे फारसे लक्ष गेले नाही. कार्बन व फॉस्फरस यांच्या केंद्रांतील चुंबकीय आंतरक्रिया अंतराच्या घनाच्या प्रमाणात क्षीण होत असल्यामुळे तिच्या मापनावरून अणूंमधील अंतर काढता येते. आयोवा येथील श्मिट-रोर व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये गाईच्या हाडावर हेच मोजमाप करून सायट्रेटचे रेणू ॲपेटाइटच्या पृष्ठभागाला घट्ट चिकटलेले असतात असे दाखवले. स्फटिक सुमारे तीन नॅनोमीटरहून जाड का होत नाहीत, याचे कारण त्यांनी या आवरणात पाहिले. हाड न विरघळवता मिळालेले हे ज्ञान या शाखेच्या उत्तम फलितांपैकी एक मानावे लागेल.

अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या तंतूंबाबतही, म्हणजे अमायलॉइड तंतूंबाबतही, असेच घडले. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील रॉबर्ट टायको यांच्या गटाने त्या तंतूंतील बीटा-अमायलॉइडच्या रेणूंत निवडक जागी कार्बन-१३ घालून शेजारच्या रेणूंतील तीच जागा किती दूर आहे हे मोजले, तेव्हा रेणू एकाच दिशेने, जागेला जागा जुळवून रचलेले आढळले. २०१३ मध्ये त्याच गटाने दोन रुग्णांच्या मेंदूतील तंतू बीजासारखे वापरून नवे तंतू वाढवले आणि दोघांची रचना वेगळी निघाली. आजाराचे स्वरूप व्यक्तीगणिक वेगळे का असते, हा प्रश्न त्यामुळे रेणूंच्या पातळीवर विचारता आला.

२०१७ पासून अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने मेंदूतील तंतूंच्या रचना थेट दाखवण्यास सुरुवात केली, आणि निव्वळ आकार हवा असेल तर तोच मार्ग आता अधिक सोयीचा आहे. एनएमआरला मिलिग्रॅमभर नमुना, महागडी समस्थानिके आणि दिवसेंदिवस चालणारे मापन लागते. तथापि रेणूचा कोणता भाग हलतो, कोणता स्थिर राहतो आणि अव्यवस्थित द्रव्यात कोण कोणाला खेटून आहे, हे सांगण्यात एनएमआरची सरशी आहे.

या विज्ञानाशी मुंबईचा संबंध जुना आहे. अल्कोहोलच्या तीन वेगळ्या वर्णरेषा दाखवणाऱ्या १९५१ च्या स्टॅनफर्ड येथील शोधनिबंधाच्या तीन लेखकांपैकी एक असलेले एस. एस. धर्मट्टी यांनी पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एनएमआरचे काम उभारले, आणि त्याच संस्थेच्या हैदराबाद केंद्रात आज घन-अवस्था एनएमआरवर संशोधन चालू आहे. भौतिकी, रसायन व जीवशास्त्र एकत्र शिकू इच्छिणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांनी या शाखेचा गांभीर्याने विचार करावा.