तीन सेंटीमीटरची करामत

खिशातून रुपयाचं एक नाणं काढा. 2011 पासूनचं, स्टीलचं. त्याची जाडी 1.45 मिलिमीटर. आता समजा, एखाद्या स्पोर्ट्स कारचं स्टिअरिंग फक्त तेवढंच फिरवलं. एका नाण्याच्या जाडीइतकं. आणि तसंच धरून ठेवलं. गाडी जाईल कुठे?

आधी गाडी ठरवू. माझदा एमएक्स-5, 1989 साली आलेली पहिली पिढी. दोनच सीट, उघडणारं छप्पर, आणि स्टिअरिंग बदलण्याची हौस असलेल्यांची जगभर लाडकी. जपानमध्ये ती युनोस रोडस्टर म्हणून विकली जायची आणि तिथल्या ‘व्ही-स्पेशल’ला कारखान्यातूनच नार्डीचं लाकडी स्टिअरिंग यायचं. गाडीची रुंदी 1675 मिमी. आणि आपल्या ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधलं अंतर? 1676! आरसे सोडले तर अख्खी गाडी रुळांच्या मध्ये मावते, वर एक मिलिमीटर उरतो.

आता स्टिअरिंग बसवू. बाजारातलं लोकप्रिय माप घेऊ, 350 मिमी व्यासाचं. त्याचा घेर 1 मीटर 10 सेंटीमीटर. नाणी एकाला एक चिकटवून कडेभर लावली तर 758 लागतील. म्हणजे आपण फिरवलं ते 758 रुपयांतला एक रुपया. जेमतेम अर्धा अंश. पॉवर स्टिअरिंगवाल्या एमएक्स-5 मध्ये हातातलं चाक 15 अंश फिरलं की रस्त्यावरची चाकं 1 अंश वळतात. तेव्हा चाकं वळली अंशाच्या तिसाव्या भागाहूनही कमी. डोळ्यांना दिसणारसुद्धा नाही!

पण रस्त्याला दिसतं. टायर किती दबतात, किती ताणले जातात ते बाजूला ठेवू आणि भूमितीवर भरवसा टाकू. गाडी निघाली एका प्रचंड वर्तुळावर. त्रिज्या 4 किलोमीटर 100 मीटर. घेर जवळपास 26 किलोमीटर. चर्चगेटहून लोकल पकडून थेट गोरेगाव गाठावं, एवढा! ताशी 100 किलोमीटरच्या वेगात ही गाडी सव्वाचार सेकंदांत आपल्या अख्ख्या रुंदीइतकी बाजूला सरकलेली असेल. तोवर ती पुढे गेली असेल 117 मीटर, म्हणजे लोकलच्या सहा डब्यांइतकीसुद्धा नाही. एका रुपयात ब्रॉडगेजभर बाजूला!

थांबा, खरी गंमत पुढे आहे. 350 च्या जागी 380 मिमीचं स्टिअरिंग लावा. कडेवर आता 823 नाणी बसतात, म्हणजे 65 रुपये जास्त. हात तेवढाच हलवा, एक नाणं. पण या वेळी वर्तुळाचा घेर 28 किलोमीटर! हातातला फरक तीन सेंटीमीटरचा, रस्त्यावरचा दोन किलोमीटर 200 मीटरचा. लहान स्टिअरिंगची गाडी चपळ वाटते ती उगाच नाही.

चपळाई फुकट मात्र मिळत नाही. दांडा जितका आखूड, तितका जोर जास्त. 380 वर हाताला 10 किलोचा जोर लागत असेल, तर 350 वर तेच काम 10 किलो 860 ग्रॅम मागतं. पॉवर स्टिअरिंग असेल तर हे जाणवणारही नाही. नसेल तर पार्किंगमध्ये दर वळणाला दंड सांगतील. जानपिएरो मोरेत्ती या इटालियन रेसरला मात्र लहान घेर आणि जाड पकड हीच जोडी हवी होती. त्याचं स्टिअरिंग जॉन सर्टीसच्या फेरारीवर चढलं, 1964 चं फॉर्म्युला वन जगज्जेतेपद सर्टीसने मारलं, आणि मोरेत्तीच्या स्टिअरिंगचं ‘मोमो’ हे नाव रेसच्या दुनियेत पक्कं झालं.

मग आकार. गोल की खालून सपाट? 350 च्या गोलाचा तळ 20 मिमी छाटा. मांड्यांना दोन सेंटीमीटर मोकळी जागा मिळते आणि कडेची लांबी घटते फक्त साडेसहा मिमी. साडेचार रुपये! पण घाटात स्टिअरिंग उलटं फिरलं की तोच सपाट तळ वर येतो आणि हाताला 175 ऐवजी 155 मिमीचा दांडा सापडतो. फॉर्म्युला वनमध्ये हात सोडून स्टिअरिंग फिरवावं लागत नाही, तिथे कोणताही आकार चालतो. रस्त्यावर गोलच बरा. ऑस्टिन अलेग्रोने 1973 साली कोपरे गोलसर केलेलं चौकोनी स्टिअरिंग आणलं होतं. दोनेक वर्षांत ते गुंडाळावं लागलं.

घेताना बोल्टही मोजा. मोमोचे सहा बोल्ट 70 मिमीच्या वर्तुळावर असतात, नार्डीचे 74 वर. प्रत्येक भोक फक्त दोन मिमी बाहेर, तरी एकाच्या बॉसवर, म्हणजे स्टिअरिंग गाडीला जोडणाऱ्या तुकड्यावर, दुसऱ्याचं स्टिअरिंग बसत नाही. मूळ स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असेल तर ती गेलीच म्हणून समजा. सेकंदाच्या हजार भागांपैकी सुमारे 30 भागांत ती फुगते, तेवढ्यात 100 च्या वेगातली गाडी जेमतेम 83 सेंटीमीटर पुढे जाते. हे संरक्षण सोडून द्यायचं का, ते आधी ठरवा. मग सीटवर बसा आणि पाहा: वेगाचा काटा कडेआड जात नाही ना, मांडी अडत नाही ना. दोन्ही जमलं आणि पॉवर स्टिअरिंग असलं, तर 350 घ्या. नसेल तर 370-380.

आणि आता श्वास रोखा. एप्रिल 2016 मध्ये दहा लाखावी एमएक्स-5 तयार झाली. दहा लाख! समजा, सगळ्यांना 380 ची स्टिअरिंगं आहेत. त्यांच्या कडा सरळ करून एकापुढे एक मांडा. 1194 किलोमीटर. मुंबई-पुणे-मुंबई अशा जवळपास चार खेपा! आता सगळ्यांना 350 ची लावा. 1100 किलोमीटर. वाचले किती? 94 किलोमीटर आणि वर 250 मीटर. कळंबोलीपासून बोगदे आणि घाट ओलांडून किवळ्यापर्यंत जाणारा आपला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आहे साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा! तीन-तीन सेंटीमीटर छाटून अख्खा एक्स्प्रेसवे शिल्लक, आणि कमी पडले फक्त 250 मीटर. त्यासाठी आणखी 2700 गाड्यांची स्टिअरिंगं बदलावी लागतील. माझदाने त्या केव्हाच बनवून टाकल्यात!