चेलो, बॅटन आणि सरहद्द

लेखमाला : वाद्यवृंदाचे कर्णधार
लेखांक ९ : म्स्तिस्लाव्ह रोस्त्रोपोविच

मागच्या लेखांकात आपण पाब्लो कासाल्स यांची ओळख करून घेतली. चेलो या वाद्याला मैफलीच्या मध्यभागी आणून बसवणारा हा कलावंत फ्रँकोच्या राजवटीला नकार देऊन परागंदा झाला आणि पुन्हा कधीच मायदेशी राहायला गेला नाही. आजचे नायकही चेलोवादक आणि वाद्यवृंद-संचालक. त्यांनाही देश सोडावा लागला, पण सोळा वर्षांनी ते परतले, आणि परतले ते एका परदेशी वाद्यवृंदाचे प्रमुख म्हणून. म्स्तिस्लाव्ह रोस्त्रोपोविच यांची कारकीर्द वाचताना एक सूत्र सतत जाणवतं. ज्याने संगीत लिहिलं, त्याच्या बाजूने उभं राहणं हे वादकाचं काम आहे, अशी त्यांची श्रद्धा होती. हातात गज असो की बॅटन, त्यांनी हे काम सोडलं नाही, आणि त्याची किंमतही मोजली.

२७ मार्च १९२७ रोजी बाकू शहरात त्यांचा जन्म झाला. आज हे शहर अझरबैजानची राजधानी आहे. वडील लिओपोल्ड चेलोवादक, आई सोफिया पियानोवादक. मुलांना चांगलं शिक्षण मिळावं म्हणून कुटुंब मॉस्कोला आलं. दुसऱ्या महायुद्धात त्यांना मॉस्को सोडून ओरेनबुर्गला जावं लागलं आणि तिथेच १९४२ मध्ये वडील वारले. त्या वेळी म्स्तिस्लाव्ह पंधरा वर्षांचे होते. १९४३ मध्ये त्यांनी मॉस्को कॉन्झर्व्हेटरीत प्रवेश घेतला. तिथे वाद्यवृंदासाठी संगीत कसं लिहायचं हे शिकवायला होते दिमित्री शोस्ताकोविच. वादक व्हायला आलेल्या या मुलाला रचनाकार कसा विचार करतो, हे इतक्या लवकर आणि इतक्या जवळून पाहायला मिळालं. पुढच्या साऱ्या आयुष्याचा पाया या वर्गात घातला गेला.

इथे थोडं वाद्याविषयी. चेलोला चार तारा असतात आणि प्रत्येक तार शेजारच्या तारेपासून षड्ज-पंचमाच्या अंतरावर मिळवलेली असते. खालची तार पुरुषाच्या खर्जाहून खाली उतरते, तर वरच्या तारेवर अंगठा टेकवून वाजवायला लागलं की स्त्रीच्या तार सप्तकातल्या आवाजापर्यंत पोचता येतं. माणसाच्या गळ्याचा सारा पल्ला या एका वाद्यात आहे. तरीही एकल वादनासाठी लिहिलेलं साहित्य व्हायोलिन किंवा पियानोच्या मानाने फारच तोकडं. मोत्झार्टचा एकही चेलो कॉन्चेर्तो आपल्यापर्यंत आलेला नाही, बेथोव्हेनने तो लिहिलाच नाही. रोस्त्रोपोविच यांना ही उणीव फार खुपत होती. ती भरून काढायचा एकच मार्ग होता : जिवंत रचनाकारांकडे जाऊन नवं संगीत मागायचं.

पहिले मोठे रचनाकार भेटले ते सर्गेई प्रोकोफिएव्ह. आपला जुना, फारसा यशस्वी न ठरलेला चेलो कॉन्चेर्तो या तरुणाने वाजवलेला ऐकून त्यांनी तो नव्याने लिहायला घेतला. पण १९४८ साली सोव्हिएत सत्तेने प्रोकोफिएव्ह, शोस्ताकोविच आणि इतर काही रचनाकारांवर जनतेला न कळणारं, विकृत संगीत लिहितात असा ठपका ठेवला. त्यांच्या कितीतरी रचना कार्यक्रमांतून गायब झाल्या. शोस्ताकोविच यांची कॉन्झर्व्हेटरीतली नोकरी गेली. ओळखीची माणसं रस्ता बदलून जाण्याचे ते दिवस होते. अशा काळात रोस्त्रोपोविच उन्हाळ्यात प्रोकोफिएव्ह यांच्या निकोलिना गोरा इथल्या घरी मुक्कामाला जात, चेलोवर काय शक्य आहे आणि काय नाही हे वाजवून दाखवत. त्यातून सिद्ध झालेली कृती १८ फेब्रुवारी १९५२ रोजी मॉस्कोत प्रथम वाजली. वाद्यवृंद चालवायला उभे होते विख्यात पियानोवादक स्व्यातोस्लाव्ह रिख्टर. आयुष्यात त्यांनी हातात बॅटन घेतली ती एवढ्या एकाच मैफलीसाठी. पुढे ही कृती ‘सिंफनी-कॉन्चेर्तो’ या नावाने जगभर गेली. पुढच्याच वर्षी, ५ मार्च १९५३ रोजी, स्टालिन गेला त्याच दिवशी प्रोकोफिएव्हही गेले.

१९५९ मध्ये शोस्ताकोविच यांनी आपला पहिला चेलो कॉन्चेर्तो याच शिष्यासाठी लिहिला. रोस्त्रोपोविच यांनी तो चार दिवसांत तोंडपाठ केला. या रचनेत पितळी वाद्यांपैकी फक्त एक हॉर्न आहे, तो चेलोशी सारखा सवाल-जवाब करतो. तिसरा भाग तर पूर्णपणे एकट्या चेलोचा, वाद्यवृंद गप्प. ४ ऑक्टोबर १९५९ रोजी लेनिनग्राडमध्ये येव्हगेनी म्राविन्स्की यांच्या संचालनाखाली तो सादर झाला. पुढच्या वर्षी लंडनमध्ये तो वाजला, तेव्हा श्रोत्यांत इंग्रज रचनाकार बेंजामिन ब्रिटन होते. त्या संध्याकाळच्या ओळखीतून एक चेलो सोनाटा, एक चेलो सिंफनी आणि एकट्या चेलोसाठी तीन सुइट जन्माला आले. शीतयुद्ध ऐन भरात असताना एक इंग्रज आणि एक रशियन, दोघांनाही नीट येत नसलेल्या मोडक्यातोडक्या जर्मन भाषेत बोलत, विसाव्या शतकातलं उत्तम चेलो-साहित्य घडवत होते. पुढे पोलंडचे लुतोस्लाव्स्की आणि फ्रान्सचे द्युतिय्यू यांनीही त्यांच्यासाठी कॉन्चेर्तो लिहिले. त्यांच्या वादनाने किंवा संचालनाने प्रथम लोकांसमोर आलेल्या कृतींची संख्या शंभराच्या वर जाते.

दरम्यान परदेश दौरे सुरू झाले होते. १९५६ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्यांचं पहिलं वादन झालं आणि १९६७ मध्ये त्याच शहरात त्यांनी ओळीने आठ मैफली केल्या. सोव्हिएत सरकारसाठी असा कलावंत म्हणजे परकीय चलन आणि प्रतिष्ठा. या दौऱ्यांची परवानगी सरकारची, मानधनाचा मोठा वाटाही सरकारचा.

या व्यवस्थेतला ताण सर्वांत उघडपणे दिसला २१ ऑगस्ट १९६८ रोजी, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये. त्याच दिवशी सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले होते आणि त्याच संध्याकाळी सोव्हिएत राज्य वाद्यवृंदाचा कार्यक्रम होता. रोस्त्रोपोविच यांना वाजवायचा होता द्व्होर्झाकचा चेलो कॉन्चेर्तो, म्हणजे चेक रचनाकाराने परमुलखात, अमेरिकेत असताना लिहिलेली कृती. सभागृहात आणि बाहेर निषेधाच्या घोषणा चालल्या होत्या. ते वाजवत राहिले, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. वादन संपल्यावर त्यांनी द्व्होर्झाकची स्वरलिपी उचलून श्रोत्यांसमोर धरली. त्या वेळी त्यांना जेवढं करणं शक्य होतं, तेवढं त्यांनी केलं.

त्याच वर्षी त्यांनी मॉस्कोच्या बोल्शोई थिएटरमध्ये चायकोव्स्कीचा ‘येवगेनी ओनेगिन’ हा ऑपेरा संचालित केला. त्यातल्या तात्यानाच्या भूमिकेसाठी प्रसिद्ध असलेल्या सोप्रानो गायिका गालिना विश्नेव्स्काया या त्यांच्या पत्नी. १९५५ मध्ये प्रागच्या महोत्सवात ओळख झाली आणि चार दिवसांत लग्न ठरलं.

चेलोवादकाला संचालक का व्हावंसं वाटतं? वाद्यवृंदात बसलेल्या वादकापुढे फक्त स्वतःच्या वाद्याची ओळ असते, तर संचालकापुढे सगळ्या वाद्यांच्या ओळी एकाखाली एक मांडलेली पूर्ण स्वरलिपी असते. चेलोचा विभाग बहुतेक वेळ स्वरसंगतीचा तळ सांभाळतो, त्यामुळे चेलोवादकाला संगीत पायापासून वर ऐकायची सवय असते. रोस्त्रोपोविच यांच्या बाबतीत आणखी एक कारण होतं. शोस्ताकोविच आणि प्रोकोफिएव्ह यांचं सर्वांत महत्त्वाचं बोलणं त्यांच्या सिंफनींत आणि ऑपेरांत होतं. तिथवर गज पोचत नाही, बॅटनच लागते.

संचालनाची ही वाट मायदेशात लवकरच बंद झाली. कादंबरीकार अलेक्सांद्र सोल्झेनित्सिन यांच्यावर सरकारची वक्रदृष्टी होती, राहायला धड जागा नव्हती. १९६९ मध्ये रोस्त्रोपोविच यांनी त्यांना मॉस्कोजवळच्या झुकोव्का इथल्या आपल्या घराच्या आवारात आसरा दिला. १९७० मध्ये सोल्झेनित्सिन यांना नोबेल जाहीर झालं आणि वृत्तपत्रांतून त्यांच्यावर गरळ ओकलं जाऊ लागलं, तेव्हा रोस्त्रोपोविच यांनी ‘प्रावदा’सह चार सोव्हिएत नियतकालिकांच्या संपादकांना खुलं पत्र लिहिलं. त्यात त्यांनी १९४८ ची आठवण करून दिली. प्रोकोफिएव्ह आणि शोस्ताकोविच यांच्या ज्या कृतींवर तेव्हा चिखलफेक झाली, त्यांचाच आज देश अभिमान मिरवतो, मग पुन्हा तीच चूक कशासाठी, असा त्यांचा सवाल होता. पत्र देशात छापलं गेलं नाही, परदेशात मात्र गाजलं.

शिक्षा झाली ती हळूहळू. आधी परदेश दौरे रद्द, मग बोल्शोईचं दार बंद, मग मॉस्को-लेनिनग्राडच्या मोठ्या सभागृहांतून नाव गायब. जगातला अव्वल चेलोवादक लहान गावांतून वाजवत फिरू लागला. अखेर अमेरिकन सिनेटर एडवर्ड केनेडी यांनी सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह यांच्याकडे विषय काढला आणि मे १९७४ मध्ये रोस्त्रोपोविच यांना देशाबाहेर जाऊ दिलं गेलं. पाठोपाठ पत्नी आणि दोन्ही मुली आल्या. परवानगी दोन वर्षांचीच होती. पुढच्याच वर्षी, ९ ऑगस्ट १९७५ रोजी, शोस्ताकोविच गेले. शिष्याला गुरूच्या अंत्यदर्शनालाही जाता आलं नाही.

१९७७ मध्ये ते वॉशिंग्टनच्या नॅशनल सिंफनी ऑर्केस्ट्राचे संगीत-संचालक झाले. पाहुणा संचालक चार दिवस तालीम घेऊन एक मैफल करतो आणि पुढच्या गावी जातो. संगीत-संचालकाला वर्षभराचे कार्यक्रम ठरवायचे असतात, वादक निवडायचे असतात आणि वाद्यवृंदाचा आवाज घडवायचा असतो. योगायोग असा की १९३१ मध्ये हा वाद्यवृंद स्थापन करणारे हान्स किंडलर चेलोवादक होते आणि त्यांच्यानंतर आलेले हॉवर्ड मिचेलही चेलोवादकच. रोस्त्रोपोविच इथे १९९४ पर्यंत राहिले. बर्नस्टाइन, द्युतिय्यू यांच्या नव्या कृती त्यांनी इथे प्रथम सादर केल्या आणि अमेरिकन श्रोत्यांना शोस्ताकोविच यांच्या सिंफनींची सवय लावली.

संचालक म्हणून त्यांच्याविषयी एकमत कधीच नव्हतं. हातांची खूण पुरेशी स्पष्ट नसते, भावनेच्या भरात लय सैलावते, असे आक्षेप समीक्षक घेत आणि काही रचनांत ते खरेही वाटतात. पण रशियन संगीत आलं की या उणिवा मागे पडत. त्याचा सर्वांत मोठा पुरावा १९७८ च्या ध्वनिमुद्रणात आहे. शोस्ताकोविच यांचा ‘म्त्सेन्स्कची लेडी मॅक्बेथ’ हा ऑपेरा १९३६ मध्ये ‘प्रावदा’ने झोडपला होता आणि पुढे रचनाकाराला त्याची सुधारित, सौम्य आवृत्ती करावी लागली होती. रोस्त्रोपोविच यांनी लंडन फिलहार्मोनिकला घेऊन, विश्नेव्स्काया यांना नायिकेच्या भूमिकेत ठेवून, मूळ आवृत्ती ध्वनिमुद्रित केली. गुरूला जिवंतपणी जे नाकारलं गेलं, ते शिष्याने गुरूच्या मृत्यूनंतर तीन वर्षांत जगापुढे ठेवलं.

त्याच १९७८ च्या मार्चमध्ये सोव्हिएत सरकारने या पतिपत्नींचं नागरिकत्व काढून घेतलं. पण काळ फिरला. बर्लिनची भिंत खुली झाल्याचं कळताच ते पॅरिसहून विमानाने निघाले आणि ११ नोव्हेंबर १९८९ रोजी भिंतीपाशी, मागून आणलेल्या खुर्चीवर बसून, बाखचे सुइट वाजवू लागले. १९९० मध्ये नागरिकत्व परत मिळालं आणि फेब्रुवारीत ते आपला अमेरिकन वाद्यवृंद घेऊन मॉस्को आणि लेनिनग्राडला गेले. चायकोव्स्कीची सहावी सिंफनी वाजली आणि श्रोत्यांच्या आग्रहास्तव अमेरिकन रचनाकार सूझा यांचं गाजलेलं संचलनगीतही वाजलं. ऑगस्ट १९९१ मध्ये मॉस्कोत सत्तापालटाचा कट झाला, तेव्हा व्हिसा नसताना ते तिथे पोचले आणि संसद भवनाच्या बचावासाठी जमलेल्यांत जाऊन उभे राहिले. २७ एप्रिल २००७ रोजी मॉस्कोत त्यांचं निधन झालं. नोव्होदेविची दफनभूमीत त्यांची समाधी आहे. प्रोकोफिएव्ह आणि शोस्ताकोविच यांच्याही समाध्या तिथेच आहेत.

काही जण म्हणतील की धैर्याच्या कथांमुळे त्यांचं संगीत आपल्याला आहे त्याहून मोठं वाटतं. मला तसं वाटत नाही. ब्रिटन, लुतोस्लाव्स्की, द्युतिय्यू यांच्या कृती आज जगभरचे तरुण चेलोवादक वाजवतात आणि त्यांतल्या कित्येकांना त्या पत्राची गोष्ट ठाऊकही नसते. चेलोच्या साहित्यातली उणीव एका माणसाने आपल्या हयातीत एवढी भरून काढल्याचं दुसरं उदाहरण नाही. संचालक म्हणून ते थोरांच्या पहिल्या रांगेत बसतात का, यावर वाद होऊ शकतो. चेलोवादक म्हणून होऊ शकत नाही.

वाचकांनी या आठवड्यात तीन ध्वनिमुद्रणं मिळवून ऐकावीत. आधी कारायान यांच्या बर्लिन फिलहार्मोनिकबरोबरचा द्व्होर्झाकचा कॉन्चेर्तो, कारण त्याच्या चाली पहिल्याच ऐकण्यात मनात बसतात. मग फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रा आणि ऑर्मांडी यांच्यासह १९५९ मध्येच मुद्रित झालेला शोस्ताकोविच यांचा पहिला कॉन्चेर्तो. त्यातला हॉर्न कुठे कुठे येतो याकडे लक्ष ठेवा. आणि शेवटी ‘लेडी मॅक्बेथ’ची १९७८ ची आवृत्ती, शक्यतो कथानक आधी वाचून. पुढच्या लेखांकात भेटू आर्तुरो टोस्कानिनी यांना. १८८६ मध्ये रिओ द जानेरो इथे ‘आइदा’च्या प्रयोगाला संचालकच उरला नाही, तेव्हा एकोणीस वर्षांचा हा चेलोवादक आपली खुर्ची सोडून पुढे आला आणि त्याने सारा ऑपेरा न पाहता, स्मरणातून चालवला.