स्वस्तात गेमिंग पीसी जोडताय? आधी एसएमपीएसचं स्टिकर वाचा

मोबाईलवर बीजीएमआय खेळून झालं की कधीतरी वाटतंच, आता आपला पण एक गेमिंग पीसी पाहिजे. दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, “आय फाइव्ह देऊ की आय सेव्हन?” गडबड इथेच होते. गेममधलं चित्र काढायचं मुख्य काम ग्राफिक्स कार्ड करतं. म्हणून बजेट कमी असेल तर आय सेव्हनचा मोह सोडा. कोअर आय ३-१२१००एफ सारखा चार कोअरचा प्रोसेसर घ्या आणि वाचलेले पैसे कार्डात घाला. फक्त लक्षात ठेवा, नावातल्या ‘एफ’चा अर्थ आत ग्राफिक्स नाही. कार्ड लावलं नाही तर स्क्रीन काळीच राहणार.

कार्डाचे पैसे आत्ता नाहीत? मग रायझन ५ ५६००जी बघा. त्याच्या आतच ग्राफिक्स आहे, व्हॅलोरंट आरामात चालतो. पण हे ग्राफिक्स रॅमच वापरतं, त्यामुळे १६ जीबीची एक स्टिक न घेता ८-८ च्या दोन घ्या. दोन लेन मिळाल्या की फरक डोळ्यांना दिसतो.

आता मुद्द्याचं. माझ्या पहिल्या पीसीत मी कॅबिनेटसोबत ‘फ्री’ आलेला एसएमपीएसच ठेवला होता. यूट्यूब मस्त चालायचं, गेम सुरू केला की दहा मिनिटांत पीसी बंद! महिनाभर मी विंडोज परत परत टाकत बसलो. बिचाऱ्या विंडोजचा काही दोष नव्हता.

एसएमपीएसवर मोठ्या अक्षरात ‘४५० वॅट’ लिहिलेलं असतं, ते सोडा. बाजूच्या स्टिकरवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते बघा, कारण प्रोसेसर आणि कार्ड मुख्यतः त्याच लाइनवर चालतात. समजा तिथे १६ अँपिअर आहेत. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. आरएक्स ६६०० कार्ड एकटं १३२ वॅट घेतं, १२१००एफ जोर लावला की ८९ वॅटपर्यंत जातो. झाले २२१. हिशोब इथेच फसला, पंखे आणि एसएसडी तर अजून धरलेच नाहीत.

नावाजलेल्या कंपनीचा, १२ व्होल्टवर ३५ अँपिअरच्या वर देणारा एसएमपीएस घ्या. ‘८० प्लस’ असेल तर उत्तम, पण ते वीज किती वाया जाते याचं प्रमाणपत्र आहे, मजबुतीचं नाही.

पैसे वाचवायचेच तर कॅबिनेटच्या रंगीत लाइटवर वाचवा. हवा खेळती राहिली की झालं. ग्राफिक्स कार्ड सेकंडहँड घेतलं तरी चालेल, फक्त समोर अर्धा तास जड गेम चालवून दाखवायला सांगा आणि जुनं बिल मागून घ्या. एसएमपीएस मात्र नवाच, वॉरंटीचा.