स्टार ठरला, नाटक ठरलं... पण थिएटर कोणतं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा जे आज घाईत हेडफोन घरीच विसरलेत, त्यांच्यासाठी ही या एपिसोडची लेखी आवृत्ती. विषय तसा साधा आहे. एक गाजलेलं जुनं नाटक, त्यात आजचा मोठा स्टार. मग ते कुठल्या थिएटरात करायचं?

सुरुवात घरच्या गोष्टीने करतो. नोकरीतल्या पहिल्या बोनसमधून मी आईला नाटकाला नेलं. तिने कॉलेजात असताना पाहिलेलं नाटक नव्या संचात आलं होतं आणि मुख्य भूमिकेत तिचा लाडका नट होता. ॲप उघडेपर्यंत खालची तिकिटं संपलेली, मिळाली ती बाल्कनीतली शेवटची रांग. दुसऱ्या अंकात नायक एक पत्र वाचतो. मोठ्याने नाही, मनातल्या मनात. खाली पुढच्या रांगांत एकदम शांतता पसरली आणि वर आम्ही एकमेकांकडे बघतोय, काय झालं? जिना उतरताना आई म्हणाली, "आवाज ओळखीचा होता रे. माणूस काही भेटला नाही."

मी सॉफ्टवेअरवाला. माझा हिशोब सरळ असतो : गर्दी वाढली की मोठा सर्व्हर घ्या, विषय संपला. नाटकाला हे लागू पडत नाही, हे त्या जिन्यावर कळलं. मग नाद लागला आणि वाचत वाचत थेट न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर पोचलो.

ब्रॉडवेच का? तिथे नाटक आपल्यासारखं गावोगाव फिरत नाही. एकदा थिएटर घेतलं की महिनोन्महिने तिथेच, आठवड्याला साधारण आठ प्रयोग. म्हणजे थिएटर निवडायची संधी एकदाच. ब्रॉडवेची म्हणून मोजली जाणारी थिएटरं फक्त ४१ आणि त्यातली बहुतेक तीन मोठ्या कंपन्यांच्या हातात. त्यात सिनेमावाला स्टार मिळतो तीन-चार महिन्यांसाठी. तेवढ्या काळात जे मोकळं असेल, त्यातूनच निवडायचं.

आता निर्मात्याचं गणित मांडू. समजा, थिएटर ८०० खुर्च्यांचं आहे. आठ प्रयोग म्हणजे आठवड्याला ६,४०० तिकिटं, १५ आठवड्यांत ९६,०००. थिएटर १,६०० चं घेतलं तर थेट १,९२,०००. स्टारच्या तारखा तेवढ्याच, तालमी तेवढ्याच, तिकिटं मात्र दुप्पट. मोह होणारच ना?

हा मोह प्रत्यक्षात कसा दिसतो, त्याचं उदाहरण म्हणजे डेव्हिड मॅमेटचं 'ग्लेनगॅरी ग्लेन रॉस'. जमिनी विकणाऱ्या सेल्समनची गोष्ट. टार्गेट, बॉसचा धाक, नोकरी जायची भीती... आपल्यापैकी अनेकांना ओळखीचंच वाटेल. १९८४ मध्ये ते ब्रॉडवेवर आलं ते जॉन गोल्डन थिएटरात, सुमारे ८०० खुर्च्यांच्या. त्याच वर्षी त्याला पुलित्झर मिळालं. २०१२ मध्ये अल पचिनोला घेऊन झालं, तेव्हा थिएटर हजाराच्या थोडं वर होतं. आणि २०२५ मध्ये कीरन कल्किन, बॉब ओडेनकर्क आणि बिल बर असे तीन-तीन स्टार आल्यावर ते गेलं पॅलेस थिएटरात. खुर्च्या सोळाशेच्या आसपास, म्हणजे मूळच्या दुप्पट.

पॅलेसची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. १९१३ सालचं हे थिएटर. गाणी, नाच, विनोद, कसरती अशा करमणुकीसाठी बांधलेलं. अलीकडे टाइम्स स्क्वेअरमधल्या त्या जागेचा पुनर्विकास झाला, तेव्हा आतलं ऐतिहासिक प्रेक्षागृह न मोडता अख्खंच्या अख्खं ३० फूट वर उचललं आणि खाली दुकानांसाठी जागा केली! २०२४ मध्ये ते पुन्हा सुरू झालं. त्या डिसेंबरात तिथलं एक संगीत नाटक बंद पडलं आणि मार्चमध्ये 'ग्लेनगॅरी'चे प्रयोग सुरू झाले.

पण आता नाटकाकडे बघा. पहिल्या अंकात तीन प्रवेश आहेत, तिन्ही चिनी हॉटेलातल्या टेबलावर. दर वेळी दोनच माणसं, आणि एक दुसऱ्याला हळूहळू गुंडाळतोय. सगळी मजा कशात? बोलता बोलता नजर कुठे चुकवली, वाक्य कुठे अर्धवट सोडलं, यात. हे बघायचं तर शेजारच्या टेबलावर बसल्यासारखं वाटायला हवं. सोळाशे जणांना शेजारचं टेबल कुठून देणार? प्रयोगाला गर्दी प्रचंड झाली, ओडेनकर्कला टोनीचं नामांकनही मिळालं. म्हणजे नट कमी पडले असं मुळीच नाही. पण इतक्या लांबून नजर पोचत नाही, मग ती कितीही मोठ्या स्टारची असो.

मग मोठं थिएटर वाईटच का? नाही. त्याच मोसमात जॉर्ज क्लूनीचं 'गुड नाइट, अँड गुड लक' विंटर गार्डन या तशाच मोठ्या थिएटरात झालं. हे जुनं नाटक नव्हे, सिनेमावरून केलेलं नवं नाटक. पण गोष्ट आहे १९५० च्या दशकातल्या टीव्ही पत्रकाराची. त्यामुळे रंगमंचावर कॅमेरे आणि पडदे असणं ही गोष्टीचीच गरज. क्लूनी कॅमेऱ्याकडे बघून बोलतो आणि त्याचा चेहरा पडद्यावर शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. एका आठवड्यात ४० लाख डॉलरच्या वर गल्ला जमवणारं ते ब्रॉडवेचं पहिलं गद्य नाटक ठरलं. इथे मोठं थिएटर खपून गेलं, कारण लांब बसलेल्यांची सोय नाटकातच होती.

आता छोट्या थिएटरची गंमत. २०२४ मध्ये 'सक्सेशन'वाल्या जेरेमी स्ट्राँगने इब्सेनचं 'ॲन एनिमी ऑफ द पीपल' केलं, सर्कल इन द स्क्वेअरमध्ये. सातशेच्या आसपास खुर्च्या, रंगमंच मधोमध आणि प्रेक्षक भोवती. नाटकात एक डॉक्टर शोधून काढतो की गावाला पैसा मिळवून देणारं स्नानगृहांचं पाणी दूषित आहे. तो गावसभेत सांगायला उभा राहतो आणि गाव त्यालाच शत्रू ठरवतं. इथे भोवती बसलेले प्रेक्षक म्हणजेच गाव! एका प्रयोगात याच सभेच्या वेळी हवामान बदलाविरुद्ध आंदोलन करणारे काही जण प्रेक्षकांतून उठून खरोखरच घोषणा द्यायला लागले. अनेकांना तो नाटकाचाच भाग वाटला. समोरून बघायच्या नेहमीच्या रंगमंचावर एवढा गोंधळ उडाला असता का? मला नाही वाटत. स्ट्राँगला त्या भूमिकेसाठी टोनी मिळालं. माझ्या मते त्यात थोडा वाटा त्या वास्तूचाही आहे.

आणि कधी कधी थिएटरचं मागचं दारही कामाला येतं. २०२३ मध्ये जेसिका चास्टेनने इब्सेनचंच 'अ डॉल्स हाउस' हडसन थिएटरात केलं. नेपथ्य जवळपास नाहीच, खुर्च्या आणि माणसं. आवाजाला माइक, त्यामुळे कुजबुजही ऐकू यायची. शेवटी नोरा घर सोडून जाते, तेव्हा रंगमंचाच्या मागचं, सामान आत आणायचं मोठं दार उघडलं आणि ती सरळ खऱ्या रस्त्यावर निघून गेली. बाल्कनीतल्यालाही ते दिसलं, कळलं.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. थिएटर जितकं छोटं, तितकं तिकीट दुर्मिळ. डेन्झेल वॉशिंग्टन आणि जेक जिलेनहॉलचं 'ऑथेल्लो' २०२५ मध्ये हजारेक खुर्च्यांच्या बॅरिमोर थिएटरात झालं आणि सगळ्यात महाग तिकीट ९२१ डॉलरवर गेलं. अशा ठिकाणी आपल्यासारख्यांना दारातूनच नमस्कार. त्या दिवशी थिएटर निम्म्या खुर्च्यांचं असतं, तर आईला शेवटची रांगसुद्धा मिळाली नसती. त्यामुळे 'छोटं तेच चांगलं' म्हणून हात झटकता येत नाहीत.

मग निवडायचं कसं? मला वाटतं, पहिला प्रश्न स्टारला नाही, नाटकाला विचारावा : तुझा सगळ्यात महत्त्वाचा क्षण कुठे घडतो? तो नजरेत घडत असेल तर खुर्च्या कमी ठेवा. शब्दांत असेल तर आवाज पोचतो का ते बघा. गर्दीत असेल तर प्रेक्षकांनाच गर्दी करता येईल अशी जागा शोधा. आणि नाइलाजाने मोठं थिएटर घ्यावंच लागलं, तर शेवटच्या रांगेसाठी काय करणार आहात, हे तालमीच्या पहिल्या दिवशी ठरवा. तिकिटं तर स्टारच्या नावावर जातातच. आत बसलेल्याला नाटक भेटतं की नाही, ते मात्र जागेवर अवलंबून असतं.

आपल्याकडचं गणित वेगळं आहे. २०१९ मध्ये सुबोध भावेने वसंत कानेटकरांचं 'अश्रूंची झाली फुले' पुन्हा आणलं, काशिनाथ घाणेकरांनी गाजवलेली लाल्याची भूमिका केली. असं नाटक आज पुण्यात बालगंधर्वला, उद्या ठाण्यात गडकरीला, परवा आणखी कुठे. सेट टेम्पोत भरायचा आणि निघायचं. म्हणजे आपल्या निर्मात्याला हा प्रश्न प्रत्येक प्रयोगाला नव्याने सोडवावा लागतो. डोक्याला ताप आहे खरा, पण प्रेक्षक म्हणून आपला फायदा बघा. एका ठिकाणी मागची रांग मिळाली तर थांबता येतं. तेच नाटक पुढच्या महिन्यात दुसऱ्या थिएटरात येतं. तारीख बघताना थिएटरही बघा, एवढंच सांगणं.

मी तेच केलं. सात-आठ महिन्यांनी ते नाटक आमच्या तालुक्याच्या छोट्या नाट्यगृहात आलं. तिकीटविक्री सुरू व्हायच्या आधीच ॲप उघडून बसलो, सहावी रांग मिळाली. परतताना आईने त्या लाडक्या नटाबद्दल चकार शब्द काढला नाही. त्या पत्रात नेमकं काय लिहिलेलं असेल, यावरच घर येईपर्यंत बोलत राहिली.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर, तुम्हाला कुठल्या थिएटरात नाटक खरंखुरं 'भेटलं', ते नक्की कळवा!